एअर प्लांटची पाने वळू लागली? पाणी देण्याआधी बुंधा तपासा

मातीविना जगणारे आणि खिडकीत दोरीला टांगून ठेवता येणारे एअर प्लांट आता अनेक घरांत दिसते. ‘हवेवर जगणारे रोप’ अशी त्याची ख्याती असल्यामुळे ते घेणारा निर्धास्त असतो. काही आठवड्यांनी पाने आक्रसू लागतात. मग घाईघाईने त्यावर पाणी ओतले जाते आणि पुढच्या चार-सहा दिवसांत रोप मधोमध सुटून हातात येते. असे होण्याचे कारण म्हणजे पाने वळण्यामागे दोन अगदी परस्परविरुद्ध दोष असू शकतात: पाण्याचा अभाव आणि पाण्याचा अतिरेक. एकावरचा उपचार दुसऱ्या दोषात घातक ठरतो. म्हणून उपचाराआधी निदान आवश्यक आहे.

कूळ आणि स्वभाव

एअर प्लांटचे शास्त्रीय नाव टिलँड्सिया. या प्रजातीत सहाशेहून अधिक जाती असून त्या अमेरिका खंडातल्या आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागापासून अर्जेंटिना-चिलीपर्यंत त्या आढळतात. आपल्या परिचयाचा अननस याच कुळातला. झाडांच्या फांद्यांवर, खडकांवर, क्वचित विजेच्या तारांवरही त्या वाढतात. मात्र त्या बांडगूळ नव्हेत. बांडगूळ आश्रयदात्या झाडाचा रस शोषते. टिलँड्सिया केवळ आधार घेते. आपल्याकडच्या जंगलात झाडांवर वाढणाऱ्या ‘सीतेच्या वेणी’सारखीच ती अपिवनस्पती आहे.

१७व्या शतकातील वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास टिलँड्स यांच्यावरून लिनियसने हे नाव ठेवले. टिलँड्स यांनी समुद्रप्रवासाची धास्ती घेतली होती, अशी आख्यायिका आहे. पाण्याला भिणाऱ्या माणसाचे नाव मिळालेल्या या रोपाला पाणी नको असते, हा समज मात्र चुकीचा आहे. त्याला पाणी हवे असते, पण ते टिकून राहिलेले चालत नाही.

पान पाणी कसे पिते?

या रोपाची मुळे केवळ धरून ठेवण्यापुरती असतात. पाणी आणि क्षार पानांवरचे खवल्यांसारखे सूक्ष्म केस शोषून घेतात. कोरडे असताना हे केस प्रकाश परतवतात, म्हणून पान रुपेरी दिसते. भिजले की ते पानाला चिकटतात आणि आतला हिरवा रंग उमटतो. पाणी दिल्यावर पान हिरवे होणे ही पाणी शोषले जात असल्याची खूण आहे.

बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडतात. टिलँड्सियाची रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दिवसा तो प्रकाशसंश्लेषणासाठी वापरला जातो. त्यामुळे रात्रभर ओले राहिलेले पान एका परीने गुदमरते. पाणी सकाळीच द्यावे, हा नियम यातूनच आला.

निदान कसे करावे?

मिरचीची पाने वळली की आपण ‘चुरडा-मुरडा’ म्हणतो आणि कीटकनाशकाकडे वळतो. तेथे फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू कारणीभूत असतो. एअर प्लांटच्या बाबतीत कीड हे क्वचितचे कारण आहे. येथे पुढील क्रमाने पाहावे.

बुंधा: रोप हातात घेऊन तळ हलकेच दाबावा. तो घट्ट असेल तर धोका नाही. मऊ, काळपट, कुबट वासाचा असेल किंवा मधले पान ओढताच निघून येत असेल, तर कुज सुरू झाली आहे. बुंधा कुजला की वरची पाने सुकल्यासारखी मुडपतात आणि नेमकी तहानेची आठवण करून देतात.

वळण्याची दिशा: पानाच्या दोन्ही कडा आत वळून पान पन्हळीसारखे किंवा नळीसारखे अरुंद झाले असेल, पूर्वी ते रुंद असेल आणि बुंधा घट्ट असेल, तर ती तहान आहे. रोप वजनालाही हलके लागते. पान लांबीत रिबिनीसारखे वळत असेल, तर तो त्या जातीचा स्वभाव असू शकतो. झेरोग्राफिकाची रुंद पाने अशीच खाली वळतात. स्ट्रेप्टोफिलाची पाने मुळातच कुरळी असतात. कोरडेपणात ती अधिक वळतात आणि पाण्याने सैल होतात. बल्बोसाची पाने तर जन्मतःच नळीसारखी असतात.

टोके आणि डाग: केवळ टोके तपकिरी होणे हे कोरडी हवा, क्षारयुक्त पाणी किंवा जादा खताचे लक्षण आहे. एकाच बाजूला फिकट, करपलेले चट्टे असतील तर ते उन्हाचे.

पांढरा कापूस: पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने ते टिपून काढावेत आणि रोप इतर रोपांपासून दूर ठेवावे.

उपचार

तहान असल्यास केवळ पाण्याचा फवारा पुरत नाही. सकाळी सहाच्या सुमारास रोप साध्या तापमानाच्या पाण्यात पूर्ण बुडवावे आणि दुपारी बारापर्यंत काढावे. नंतर ते उलटे धरून झटकावे, कारण पानांच्या खोबणीत अडकलेले पाणी हेच कुजीचे मूळ असते. मग वारा खेळता असेल अशा जागी आडवे ठेवावे. चार तासांत ते कोरडे व्हायला हवे. गरज वाटल्यास तीन-चार दिवसांनी पुन्हा तासभर बुडवावे. थोडे सुकलेले रोप एक-दोन दिवसांत सावरते, फार सुकलेल्याला काही आठवडे लागतात. तपकिरी झालेले टोक पुन्हा हिरवे होत नाही, ते कात्रीने तिरके कापावे. बल्बोसासारख्या फुगीर बुंध्याच्या जाती मात्र बुडवून ठेवू नयेत. नुसत्या बुचकळून झटकाव्यात.

कुज असल्यास पाणी तत्काळ बंद करावे. कुजलेली पाने काढून रोप सावलीत, वाऱ्यावर सुकू द्यावे. मधला कोंब गेला असेल तर मूळ रोप वाचणे कठीण. मात्र बाजूचे पिल्लू घट्ट असेल, तर ते अलगद वेगळे करून वाढवता येते.

तांब्यापासून दूर

अननसाच्या या कुळाला तांबे विषारी ठरते. शोभेसाठी रोप तांब्याच्या तारेने बांधले असेल, तर ती तार काढून मासेमारीची नायलॉन दोरी वापरावी. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी या रोपाला देऊ नये. एसीतून ठिबकणारे पाणीही नको. ते तांब्याच्या नळ्यांवरून येते. सुपारीच्या कोळेरोगावर फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचुदाचे, म्हणजे तांब्याचेच असते. कुळागरातला तो पंप धुऊनसुद्धा एअर प्लांटसाठी वापरू नये.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. साठवून ठेवावे. ते नसेल तर आरओचे चालते. समुद्राजवळच्या विहिरीचे खारे किंवा बोअरचे जड पाणी टाळावे. त्यातील क्षार पानांवरच्या केसांवर साचतात.

गोव्याच्या ऋतूंप्रमाणे

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात धोका तहानेचा नसून कुजीचा असतो. रोप काचेच्या गोळ्यातून बाहेर काढावे, गॅलरीच्या आतल्या कडेला टांगावे आणि पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पुन्हा भिजवू नये. पाऊस सरल्यावर आठवड्यातून एकदा २० ते ३० मिनिटे बुडवणे पुरते. हिवाळ्यात कोरडा वारा सुटला किंवा मार्चनंतर उकाडा वाढला की आठवड्यातून दोनदा. एसी चालणाऱ्या खोलीत बाहेर दमट असतानाही हवा कोरडी असते, हे विसरू नये. पूर्वेच्या खिडकीचा उजेड उत्तम. दुपारचे थेट ऊन नको.

जेव्हा दोष कुणाचाच नसतो

सर्व काही योग्य करूनही कधी कधी पाने आक्रसतच जातात. अशा वेळी रोपाला नुकतेच फूल येऊन गेले आहे का, हे आठवावे. केळीला घड एकदाच येतो आणि पुढे मुनवे वाढतात. एअर प्लांटच्या प्रत्येक कोंबालाही बहुधा एकदाच फूल येते. त्यानंतर काही महिन्यांत तो हळूहळू सुकतो आणि बुंध्याशी पिल्ले धरतात. पिल्लू मूळ रोपाच्या निम्म्या आकाराचे होईपर्यंत जुने रोप काढू नये. तोवर ते आपला साठा पिल्लांना देत असते. या आक्रसण्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. नेहमीप्रमाणे सकाळी पाणी द्यावे आणि पिल्लांकडे लक्ष ठेवावे.