नर एका समुद्रात, मादी दुसऱ्या: एलिफंट सील जेवायला वेगवेगळ्या ठिकाणी का जातात?

सोंडेसारख्या नाकाचे दोन अवाढव्य प्राणी एकमेकांच्या छातीत दात रुतवतायत, रक्त वाहतंय आणि आजूबाजूला बाकीची मंडळी वाळूत निवांत लोळतायत. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. हे एलिफंट सील. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर डिसेंबर ते मार्च हा त्यांचा प्रजननाचा हंगाम असतो. मारामारीचे बहुतेक व्हीडिओ तेव्हाचेच.

या व्हीडिओंमध्ये एक गोष्ट मात्र कधीच दिसत नाही, ती म्हणजे खाणं. किनाऱ्यावर असताना एलिफंट सील काहीच खात नाहीत. मोठा नर जवळपास तीन महिने कडकडीत उपास काढतो. मादी साधारण महिनाभर उपाशी राहते आणि त्यातच पिल्लाला जन्म देऊन दूधही पाजते. मग एवढं वजन येतं कुठून? याची दोन उत्तरं आहेत, कारण नर आणि मादी खायला एका ठिकाणी जातच नाहीत.

वर्षातून दोनदा महाप्रवास

उत्तर पॅसिफिकमधले एलिफंट सील वर्षातले बहुतेक महिने समुद्रात असतात. किनाऱ्यावर ते दोनदाच येतात, एकदा प्रजननासाठी आणि एकदा जुनी कातडी व केस टाकण्यासाठी. या दोन्हींच्या मधल्या काळात ते खाण्याच्या जागी जाऊन परततात. हा सगळा प्रवास वर्षाला सुमारे १८ ते २१ हजार किलोमीटरचा होतो.

किनारा सोडल्यावर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. नर उत्तरेला वळतात आणि जमिनीच्या कडेकडेने ओरेगॉन, कॅनडा, अलास्का, काही तर थेट अल्यूशियन बेटांपर्यंत जातात. शाळेच्या भूगोलात ज्याला भूखंडमंच म्हणतात, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राचा उथळ तळ, तो आणि त्याची उताराची कड हे त्यांचं जेवणाचं ठिकाण. तिथे ते तळाशी जातात आणि मुशीसारखे छोटे शार्क, पाकट आणि तळाजवळचे इतर मोठे मासे पकडतात.

मादी मात्र पश्चिमेला, थेट खुल्या महासागरात शिरते. जिथे हजारो किलोमीटर जमीन दिसत नाही आणि खाली कित्येक किलोमीटर पाणी असतं, अशा भागात ती महिनोन्महिने एकटी फिरते. तिचं खाणं म्हणजे मधल्या खोलीवरच्या काळोखात राहणारे कंदील मासे आणि म्हाकूळ. कंदील मासा हा अगदी बोटाएवढा, अंगावर चमकणारे ठिपके असलेला मासा.

अपवाद आहेतच. काही मोजक्या माद्या किनाऱ्याजवळही खातात. पण एकूण चित्र इतकं स्पष्ट आहे की नकाशावर दोघांचे मार्ग काढले तर ते दोन वेगळ्या प्राण्यांचे वाटावेत.

मादीचा दिवस: वीस तास ड्युटी

मादीची एक बुडी साधारण वीस-पंचवीस मिनिटांची आणि सुमारे ५०० मीटर खोल असते. वर येऊन ती दोन-तीन मिनिटं श्वास घेते आणि पुन्हा खाली जाते. गरज पडली तर ती १५०० मीटरपेक्षाही खोल जाऊ शकते. कंदील मासे रात्री वर सरकतात आणि दिवसा उजेड टाळायला खोल जातात, म्हणून मादीच्या बुड्याही दिवसा जास्त खोल असतात.

मासा एवढासा आणि खाणारी अर्ध्या टनाची, तेव्हा हिशोब जुळायचा कसा? २०२१ मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं. जबड्याची हालचाल टिपणारे सेन्सर माद्यांना लावले होते. त्यातून दिसलं की त्या दिवसाला १००० ते २००० वेळा भक्ष्यावर तोंड टाकतात आणि दिवसातले वीसहून अधिक तास याच कामात घालवतात. झोपेलाही वेळ उरत नाही. २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या संशोधनानुसार समुद्रात असताना त्या दिवसाला सरासरी दोनच तास झोपतात. तेही सलग नाही, तर खोल पाण्यात गिरक्या घेत बुडताना घेतलेल्या दहा-दहा मिनिटांच्या डुलक्यांमध्ये.

यावर कुणी म्हणेल, मग मादीनेही नरासारखं किनाऱ्याजवळ जाऊन मोठे मासे का खाऊ नयेत? खरी गोष्ट इथेच आहे.

जिथे ताट भरलेलं, तिथेच जिवाला धोका

२०२२ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द रॉयल सोसायटी बी’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दशकभराची माहिती तपासून नर आणि मादीच्या खाण्याच्या पद्धतींची तुलना केली होती. नरांचं वजन माद्यांच्या सहापट वाढतं आणि त्यांना ऊर्जा ४.१ पट वेगाने मिळते, असं त्यात आढळलं. आतापर्यंत नराची चांदीच दिसते. पण त्याच अभ्यासात पुढचा आकडा आहे, नर मरण्याची शक्यता मादीच्या सहापट.

किनाऱ्याजवळच्या समुद्रात खाणं भरपूर असतं, म्हणून सीलना खाणारेही तिथेच असतात. ग्रेट व्हाइट शार्क आणि किलर व्हेल हे त्यातले मुख्य. खुल्या महासागराच्या खोल काळोखात खाणं थोडं आणि विखुरलेलं, पण धोकाही कमी.

मग नर हा जुगार का खेळतो? कारण किनाऱ्यावरच्या त्या मारामारीत आकारच जिंकतो. पूर्ण वाढलेला नर २००० किलोच्या पुढे जातो. मादी ४०० ते ८०० किलोची असते. सर्वांत मोठ्या नरांपैकीही थोड्यांनाच माद्या मिळतात आणि बाकीचे वंश न वाढवताच मरतात. अशा स्पर्धेत सावधपणे जगून मध्यम आकाराचा राहिलेला नर हरलेलाच असतो. बोटाएवढे मासे खाऊन दोन टनांचं शरीर उभं करायचं, तर दिवसाला चोवीस तासही पुरणार नाहीत.

मादीचं गणित उलटं. तिला कुणाशी झुंजायचं नसतं. साधारण तीन-चार वर्षांची झाल्यापासून दरवर्षी एक पिल्लू, आणि जितकं जास्त जगेल तितकी जास्त पिल्लं. तिच्यासाठी जिवंत राहणं हाच फायदा. ‘नर शूर आणि मादी भित्री’ असे कॅप्शन टाकणाऱ्यांनी तिच्या त्या वीस तासांच्या ड्युटीकडे पुन्हा एकदा बघावं.

आणि पिल्लं?

पिल्लांची अवस्था सगळ्यात बिकट. आई साधारण चार आठवडे दूध पाजते. या दुधात निम्म्याहून जास्त चरबी असू शकते, त्यामुळे पिल्लू भराभर फुगतं आणि १०० किलोच्या पुढे जातं. मग एक दिवस आई समुद्रात निघून जाते आणि परत येत नाही. कुठे जायचं, काय पकडायचं, हे शिकवायला कुणी नसतं.

पिल्लू पुढचे दोन-अडीच महिने किनाऱ्यावरच साठवलेल्या चरबीवर काढतं. उथळ पाण्यात पोहायचा, श्वास रोखायचा सराव करतं. या उपासात त्याच्या शरीरात महत्त्वाचे बदल होतात. सील ऑक्सिजन फुप्फुसांत नव्हे, तर मुख्यतः रक्तात आणि स्नायूंमध्ये साठवतात. ही साठवण वयानुसार वाढत जाते. त्यामुळे पहिल्या सफरीत पिल्लाच्या बुड्या मोठ्यांपेक्षा कमी खोल आणि कमी वेळाच्या असतात. आईचं ताट जिथे आहे, तिथवर त्याचा श्वासच पुरत नाही. जन्मलेल्यांपैकी जवळपास निम्मी पिल्लं पहिल्या वर्षातच मरतात.

लहानपणी नर आणि मादी पिल्लांत आकाराचा फरक फारसा नसतो. नर वयात येताना झपाट्याने वाढू लागतो, तसा दोघांमधला फरक ठळक होत जातो.

हे कळलं कसं?

कॅलिफोर्नियातलं आन्यो नुएवो हे ठिकाण यासाठी प्रसिद्ध आहे. सांता क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले संशोधक तिथे अनेक दशकांपासून काम करतायत. सीलच्या केसांवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र आणि खोली मोजणारं उपकरण चिकटवतात. सील पुन्हा किनाऱ्यावर आला की ते काढून घेतात, राहिलंच तर केस गळताना पडून जातं. सीलच्या मिशीचा केससुद्धा उपयोगी पडतो. खाल्लेल्या अन्नातल्या कार्बन आणि नायट्रोजनची खूण त्यात राहते आणि त्यावरून तो किनाऱ्याजवळ जेवत होता की खुल्या समुद्रात, हे ओळखता येतं.

एलिफंट सीलच असे आहेत असं नाही. कॅनडातल्या सेबल बेटावरच्या ग्रे सीलमध्येही नर आणि माद्या वर्षाच्या ठराविक काळात वेगवेगळ्या भागांत खातात. नॉर्दर्न फर सीलमध्ये कारण थोडं निराळं आहे. तिथली आई पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून खायला जाते आणि पाजायला परत येते, त्यामुळे त्या काळात तिला फार लांब जाताच येत नाही. हिवाळ्यात मात्र माद्या दक्षिणेला कॅलिफोर्नियापर्यंत उतरतात आणि मोठे नर उत्तरेकडच्या थंड पाण्यातच राहतात.

संरक्षण नेमकं कुठे करायचं?

एकोणिसाव्या शतकात तेलासाठी झालेल्या शिकारीने उत्तरेकडचे एलिफंट सील जवळजवळ संपले होते. मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटावर उरलेल्या थोड्याशा प्राण्यांपासून त्यांची संख्या पुन्हा वाढली आणि आज ती दोन लाखांच्या आसपास आहे. किनाऱ्यावर त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. प्रश्न जेवणाच्या जागांचा आहे.

नर जिथे खातात तो बराचसा भाग अमेरिका आणि कॅनडा यांच्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत येतो. तिथे कुणाचे तरी नियम लागू होतात. अमेरिकेने २०१६ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या हद्दीत कंदील माशांसारख्या छोट्या माशांची नवी व्यावसायिक मासेमारी सुरू करायला मनाई केली. पण हेच मासे खाणारी मादी बहुतेक वेळ त्या हद्दीच्या कितीतरी बाहेर असते, जिथला समुद्र कोणत्याच देशाचा नाही. अशा समुद्रातही संरक्षित क्षेत्रं ठरवता यावीत, यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २०२३ मध्ये मंजूर झाला.