रॅकांमधली वाट

टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेलगत मॅकॅलन नावाचं शहर आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत मूळची वॉलमार्टची. दुकान दुसऱ्या, मोठ्या जागेत गेलं. रिकामी इमारत शहराने घेतली आणि डिसेंबर २०११ मध्ये तिथे ग्रंथालय उघडलं. जागा सुमारे १,२३,००० चौरस फूट, म्हणजे पावणेतीन एकरांच्याही थोडी वर, आणि सगळी एकाच मजल्यावर.

दुकानात पुस्तकं आली याचं लोकांना नवल वाटतं. माझं आयुष्य ग्रंथपालाच्या खुर्चीत गेलं, त्यामुळे मला हे घरी परतणं वाटतं. मांडणीतून स्वतः हिंडावं, वस्तू हातात घेऊन बघावी, नको तर ठेवून द्यावी, ही रीत ग्रंथालयांनी किराणा दुकानांच्या आधी रुजवली. जॉन कॉटन डेना १८८९ ते १८९७ डेन्व्हरचे ग्रंथपाल होते. त्यांनी वाचकांना कपाटांपर्यंत येऊ दिलं. १८९४ मध्ये लंडनच्या क्लर्कनवेलमध्ये जेम्स डफ ब्राऊन यांनी तेच केलं. पुस्तकं चोरीला जातील म्हणून तेव्हा केवढा वाद झाला! त्या काळी किराणाही यादी देऊनच मिळे. दुकानदार गल्ल्यामागून सामान काढून देई. क्लॅरेन्स साँडर्स यांनी मेम्फिसमध्ये ‘पिगली विगली’ उघडलं ते १९१६ मध्ये. गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः फिरायचं, हे तिथून पसरलं.

आमच्याकडे या पद्धतीला मुक्तद्वार म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या वाचनालयात ती नव्हती. सभासद चिठ्ठीवर क्रमांक लिहून जाळीच्या खिडकीतून आत सरकवायचे आणि शिपाई पुस्तक आणून द्यायचा. कपाटं उघडली त्या आठवड्यात एक आजोबा दुपारभर ज्ञानकोशापाशी उभे होते. त्यांना काही न्यायचं नव्हतं, नुसतं चाळायचं होतं. चिठ्ठीवर काय लिहिलं असतं त्यांनी?

मॅकॅलनसारखी रिकामी दुकानं आली कुठून? वॉलमार्ट, केमार्ट आणि टार्गेट या तिन्ही अमेरिकी दुकान-साखळ्यांची पहिली दुकानं १९६२ सालची. पुढे वॉलमार्टने किराणाही ठेवणारी सुपरसेंटरं काढली. मग जुनी दुकानं अपुरी पडू लागली, आणि कंपनी ती सोडून मोठ्या इमारतीत जाऊ लागली. मागे उरलेल्या एवढ्या अवाढव्य, पेटीसारख्या इमारतीला दुसरं गिऱ्हाईक मिळणं कठीण. काही ठिकाणी तर प्रतिस्पर्धी दुकान येऊ नये अशी अटच करारात असे. मिझुरीतल्या लेबनन गावाने मॅकॅलनच्या आधीच अशा एका केमार्टमध्ये ग्रंथालय थाटलं.

ग्रंथपालाला या पेट्या का आवडाव्यात, तर वजनामुळे. पुस्तकं फार जड असतात. अमेरिकेत कचेरीच्या जमिनीसाठी दर चौरस फुटाला ५० पौंड भार धरतात, पुस्तकांच्या रॅकांसाठी १५०. त्यामुळे कचेरीची वरच्या मजल्यावरची जागा बहुधा चालत नाही. या दुकानांची काँक्रीटची फरशी थेट जमिनीवरच बसलेली, म्हणून ती धास्ती फारशी उरत नाही. शिवाय पायऱ्या नाहीत. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून अमेरिकेत सोळाशेहून अधिक ग्रंथालयं उभी राहिली, त्यातल्या कित्येकांच्या दाराशी देवळासारख्या पायऱ्या होत्या. गुडघे दुखणाऱ्या वाचकासाठी ते दार बंदच.

अडचण असते ती आतल्या पसाऱ्याची. माणूस हरवतो. मॅकॅलनचं काम मिनियापोलिसच्या मायर, शेरर अँड रॉककॅसल या वास्तुरचनाकारांचं. त्यांनी भिंती आणि छत पांढरं केलं, नक्षी कोरलेल्या लाकडी छताचा लांबच लांब पट्टा मधून नेला आणि ठळक रंगांच्या मोठ्या पाट्यांनी विभाग वेगळे केले. सभागृह, कॅफे, अभ्यासिका सगळं त्यात मावलं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. ही दुकानं मोटारवाल्यांसाठी हमरस्त्यावर बांधलेली असतात. शाळेतून पायी येणाऱ्या मुलाला बस नसेल, तर कपाटं उघडी असून त्याचा काय उपयोग? इमारत घेण्याआधी बसचा मार्ग ठरवायला हवा, असं मी कोणत्याही नगरपालिकेला सांगेन.

मॅकॅलनमध्ये पहिल्याच महिन्यात नव्या सभासदांची नोंदणी २३ टक्क्यांनी वाढली. त्यातले कितीतरी जण पूर्वी याच दारातून ढकलगाडी घेऊन साबण नि दूध न्यायला आले असतील. आत कसं शिरायचं, कुठे काय शोधायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार.