तोंडीलावणी : सातारा-सांगली परिसरातील

भाकरी किंवा भात या मुख्य अन्नाबरोबर थोड्या प्रमाणात घ्यावयाच्या तिखट, आंबट वा खारट चवीच्या घरगुती पदार्थांस तोंडीलावणी म्हणतात. चटण्या, खर्डा, ठेचा, कोशिंबिरी, घोळाणा, लोणची इ. पदार्थ या वर्गात मोडतात. सातारा व सांगली जिल्ह्यांतील कष्टकरी कुटुंबांत यांपैकी एखादाच पदार्थ पुष्कळदा जेवणातील एकमेव कालवण असे. त्यामुळे या पदार्थांचा इतिहास हा या भागातील पिकांचा, बाजाराचा, स्त्रियांच्या श्रमाचा आणि टंचाईचाही इतिहास ठरतो. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकाच सातारा जिल्ह्यात समाविष्ट होते. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर त्या वर्षी त्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

परिसर व पिके : पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे सु. ६,००० मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत तो ५०० मिमी.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. जावळी, पाटण, शिराळा या पश्चिम भागांत भात व नाचणी, कृष्णा-वारणेच्या काळ्या जमिनीत शाळू आणि पूर्वेच्या माळरानावर बाजरी, असे अन्नाचे स्थूल विभाग पडतात. मुख्य पिकाबरोबर तूर, मटकी, हुलगा, कारळा, तीळ, अंबाडी, करडई यांच्या ओळी पेरण्याची जुनी पद्धत होती. मुख्य पीक बुडाले, तरी यांतील काही ना काही हाती लागे. तोंडीलावण्यांना लागणारा माल प्रामुख्याने या दुय्यम ओळींतून येई. मीठ आणि नारळ मात्र कोकणातून कुंभार्ली, आंबा इ. घाटांनी बैलांच्या पाठीवरून येत.

संज्ञा : ‘चटणी’ हा शब्द चाटणे या क्रियेवरून आला आहे. या पदार्थांच्या इतर नावांकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती ही की, त्यांतील बरीचशी नावे घटकद्रव्यांवरून पडलेली नसून हाताच्या क्रियेवरून पडली आहेत. ठेचणे यावरून ठेचा, खरडणे या क्रियेशी निगडित खर्डा, घोटणे वा घुटणे यावरून घुटे, वाटणे यावरून वाटण, कुटणे यावरून कूट, घोळणे यावरून घोळाणा. क्रियेवरून पडलेले नाव घटक बदलले तरी टिकून राहते. म्हणूनच परदेशांतून आलेली पिके या पदार्थांत शिरली, तरी ती परकी वाटली नाहीत. ग्रामीण बोलीत भाकरीबरोबरच्या ओल्या पदार्थास ‘कोरड्यास’ असे म्हणतात; कोरड्या भाकरीस जोड, हा त्यातील भाव उघड आहे. या भागात ‘चटणी’ या शब्दास आणखी एक अर्थ आहे. वर्षभरासाठी करून ठेवलेल्या लाल मिरचीच्या मसाल्यालाही येथे चटणीच म्हणतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात दगडी पाटे सापडले असून तेथे जव, मसूर, हुलगा इ. धान्ये वापरात असल्याचे दिसून आले आहे. दगडावर दगडाने धान्य भरडण्याची व वाटण्याची पद्धत महाराष्ट्रात किती जुनी आहे, याची त्यावरून कल्पना येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात अन्नभोगाचे विस्तृत वर्णन आहे. त्या काळी कऱ्हाड, मिरज व कोल्हापूर या भागांत चालुक्यांचे मांडलिक शिलाहार राज्य करीत होते. या ग्रंथात मिरे, आले, हिंग, हळद, सैंधव इ. द्रव्यांचा उल्लेख येतो. मिरचीचा येत नाही व येणे शक्यही नव्हते. त्या काळी तिखटपणासाठी मिरे, सुंठ, पिंपळी, मोहरी, आले व लसूण यांवरच भिस्त असे. यांपैकी मिरे मलबार-कोकणच्या दमट प्रदेशात होत असल्याने देशावरच्या शेतकऱ्यास ते विकत घ्यावे लागे.

मिरची व भुईमूग : आजच्या चटणीची दोन प्रमुख द्रव्ये अमेरिका खंडातील आहेत. मिरची मेक्सिको व त्यालगतच्या प्रदेशातून यूरोपीय दर्यावर्द्यांमार्फत जगभर पसरली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर सोळाव्या-सतराव्या शतकांत तिचा दख्खनमध्ये प्रसार झाला. तिला मिळालेले नाव मिऱ्यावरून पडले आहे. म्हणजे नव्या फळाची ओळख जुन्या द्रव्याच्या नावाने करून घेण्यात आली. मिरची परसात पिकते, वाळवून वर्षभर ठेवता येते आणि थोडीशी पुरते. विकतच्या मिऱ्याच्या जागी घरची मिरची आली, हा गरीब कुटुंबाच्या दृष्टीने मोठा बदल होता.

दक्षिण अमेरिकेतील भुईमुगाचेही तसेच झाले. जमिनीत लागणारा मूग, असे त्याचे देशी नाव तयार झाले. पश्चिम भारतात त्याची लागवड एकोणिसाव्या शतकात, विशेषतः तेलबियांना निर्यातीची मागणी आल्यावर, वाढली. पुणे-मिरज लोहमार्ग १८९० च्या सुमारास सुरू झाल्याने मालाच्या वाहतुकीस गती मिळाली. तोवर कारळा, तीळ व जवस यांच्या चटण्या प्रमुख होत्या. पुढे शेंगदाण्याच्या कुटाने चटणी, कोशिंबीर, भाजी व आमटी या साऱ्यांतच प्रवेश केला. आज शेंगदाण्याच्या कुटाशिवाय या भागातील स्वयंपाकाची कल्पना करणे कठीण आहे. परंतु हे स्वरूप फार जुने नाही. [⟶ भुईमूग, मिरची].

साधने : पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, खलबत्ता आणि जाते ही मुख्य साधने होत. पाटा गुळगुळीत झाला की, त्याला टाकी लावून घ्यावी लागे व त्यासाठी पाथरवट किंवा वडार गावोगाव फिरत. खर्ड्यास पाट्याचीही गरज नसते; तव्यावरच तांब्याच्या बुडाने मिरच्या रगडल्या जातात. पहाटेचे दळण व रोजचे वाटण हे सर्वस्वी स्त्रियांचे काम होते. जात्यावरच्या ओव्यांचा गौरव पुष्कळ झाला आहे. शेतातील मजुरी करून आल्यावर पुन्हा पाट्याशी बसण्याच्या कष्टांची नोंद मात्र क्वचितच झालेली आढळते.

प्रमुख प्रकार : (१) खर्डा : दहाबारा हिरव्या मिरच्या व आठदहा लसूणपाकळ्या थोड्या तेलावर डाग पडेपर्यंत परततात. मूठभर भाजलेले शेंगदाणे व मीठ घालून हे सर्व तव्यातच ओबडधोबड रगडतात. बारीक वाटलेला खर्डा चवीला उतरतो, असे मानतात. (२) कारळ्याची चटणी : कारळे मंद आचेवर तडतडू लागेपर्यंत भाजून लसूण, लाल तिखट व मीठ यांसह कुटतात. तीळ व जवस यांच्या चटण्यांची कृती अशीच असते. कारळ्यातील तेलामुळे ती काही आठवड्यांनी खवट होऊ लागते, म्हणून थोडीथोडी करतात. (३) दोडक्याच्या शिरांची चटणी : भाजीसाठी दोडका खरवडल्यावर उरलेल्या शिरा तेलावर कुरकुरीत परतून तीळ किंवा खोबऱ्याबरोबर कुटतात. टाकाऊ भागाचा उपयोग करण्याच्या काटकसरीचे हे चांगले उदाहरण आहे. (४) घोळाणा : कोवळी मेथी, हरभऱ्याचा पाला किंवा कांद्याची पात कच्चीच चिरून तिखट, मीठ, दाण्याचे कूट व कच्चे तेल यांत घोळतात. (५) घुटे : उडदाची डाळ शिजवून रवीने घोटतात व तीत हिरवी मिरची, लसूण, आले आणि कोथिंबीर घालून फोडणी देतात. कऱ्हाड-पाटण भागात ते विशेष प्रिय आहे. हे खरे तर कालवण होय. पण हुलग्याच्या पिठाचे माडगे, पिठले व झुणका यांप्रमाणेच भाजी नसलेल्या दिवशी त्याचा आधार असतो. (६) कांदा-लसूण चटणी : चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी म्हणून करतात. रंगासाठी ब्याडगी व तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी मिरची घेतात. या दोन्ही नावांची गावे, ब्याडगी आणि संकेश्वर, कर्नाटकात असून सीमाभागातील जुन्या व्यापाराची ती खूण आहे. मिरचीत तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, धने, जिरे, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी, हळकुंड, हिंग व मीठ घालून उखळात किंवा डंकावर कुटतात. एकदा ही चटणी डब्यात भरली की, रोजच्या आमटी-भाजीला दुसरा मसाला लागत नाही.

हळकुंडांसाठी सांगलीची बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. जवळच्या हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठवीत. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आहारमूल्य : ज्वारी व बाजरी यांच्या प्रथिनांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. डाळी व शेंगदाणे यांच्या जोडीने ही उणीव अंशतः भरून निघते. शेंगदाण्यात सु. २५% प्रथिने व ४५ ते ५०% तेल असते, तिळात सु. ५०%, तर कारळ्यात ३५ ते ४०% तेल असते. दुधातुपाची चैन नसलेल्या घरात स्निग्धांशाचा पुरवठा अशा रीतीने चटणीतूनच होई. हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व विपुल असते. हंगेरियन शास्त्रज्ञ आल्बेर्ट सेंट-द्यर्द्यी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर मिळविले, ते सेगेड परिसरातील मिरचीच्याच एका प्रकारातून; त्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि चटणी घासागणिक चिमूटभरच खाल्ली जाते. ती पूरक आहे. पोटभर डाळ व भाजी यांची जागा तिला घेता येत नाही.

सामाजिक स्थान : वाई, सातारा, सांगली, मिरज येथील ब्राह्मणी पंगतीत चटणी, कोशिंबीर, लोणचे, पंचामृत हे पदार्थ पानाच्या डाव्या बाजूस वाढीत; त्यांचे प्रमाण व जागा ठरलेली असे. शेतकऱ्याच्या व मजुराच्या घरी तीच चटणी भाकरीवर मधोमध येई, कारण तिच्याशिवाय दुसरे काही नसे. ‘चटणी-भाकरी’ हा शब्दप्रयोग गरिबीचा वाचक बनला, तो यामुळेच. १८७६–७८ च्या दुष्काळात सातारा जिल्ह्यास मोठी झळ पोहोचली. अशा काळात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू यांसारख्या रानभाज्यांवर लोक गुजराण करीत. १९७२-७३ च्या दुष्काळात कामावरील मजुरांना सुकडी मिळे व परदेशातून आलेली मिलो ज्वारी शिधापत्रिकेवर घ्यावी लागे. त्या भाकरीची चव सुसह्य करण्याचे काम चटणीनेच केले.

कोणी कोणाबरोबर जेवावे, यावरील जातीय निर्बंध साध्या भाकरीलाही लागू होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातिधर्मांचे विद्यार्थी एकत्र राहून एकाच पंक्तीत जेवीत. जेवण साधेच असे. नवी होती ती पंगत. मुंबईच्या गिरण्यांत कामास गेलेल्या या भागातील कामगारांनाही गावाकडून चटणीचा डबा जात असे. टिकाऊपणा, कमी वजन व ओळखीची चव या तिन्ही दृष्टींनी ती स्थलांतरितांच्या सोयीची होती.

ग्रंथरूप : मराठीतील सुरुवातीच्या छापील पाकग्रंथांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे सूपशास्त्र (१८७५) व लक्ष्मीबाई धुरंधर यांचे गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया (१९१०) हे प्रमुख होत. त्यांचा वाचकवर्ग मुख्यतः नागर व सुशिक्षित होता. कमलाबाई ओगले (१९१३–९९) यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील कुंडल येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अल्प असले, तरी त्यांच्या रुचिरा (१९७०) या पुस्तकाने घराघरांत स्थान मिळविले. वाटी आणि चमचा या घरगुती मापांनी त्यांनी प्रमाणे सांगितली, हे त्याच्या लोकप्रियतेचे एक कारण होय. शेतमजुरांच्या घरातील खर्डा व घोळाणा मात्र पुष्कळ अंशी मुखपरंपरेनेच चालत आले.

अलीकडील बदल : सहकारी साखर कारखाने, कोयनेचे पाणी व पुढे ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजना यांमुळे उसाचे व द्राक्षाचे क्षेत्र वाढले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. त्याबरोबरच कारळा, जवस, करडई व हुलगा यांच्या ओळी कमी होत गेल्या. घाणे बंद पडून बाजारातील शुद्धीकृत तेल घरोघरी आले. विजेच्या मिक्सरने पाट्याचे कष्ट पुष्कळ कमी केले, ही निःसंशय इष्ट गोष्ट होय. दुसरीकडे, महिला बचत गटांनी चटण्या व मसाले यांचा जोडधंदा उभारला. म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेसारख्या संस्थांनी ग्रामीण स्त्रियांच्या लहान व्यवसायांना भांडवल पुरविले. पूर्वी ज्या श्रमाचे मोल धरले जात नव्हते, त्याची किंमत त्यामुळे पैशात मिळू लागली.

महामार्गावरील भोजनगृहांत खर्डा-भाकरी आता हौसेने खाल्ली जाते. तिच्यामागील टंचाई विस्मृतीत गेली, तर हा पदार्थ केवळ चवीची बाब उरेल. मिऱ्याच्या जागी मिरची व कारळ्याच्या जागी शेंगदाणा आला, तरी ठेचणे, वाटणे, घोटणे या क्रियांची नावे टिकली. आता क्रियाही यंत्राकडे गेली असून जुन्या श्रमांची आठवण मुख्यत्वे या नावांतच राहिली आहे.