‘अनलिमिटेड’ : एका विशेषणाचा जमाखर्च

खानावळीच्या पाटीवर ‘अनलिमिटेड थाळी’ असे वाचले की आपण खूश होतो. शेजारची पतसंस्था मात्र आपल्या नावाच्या शेवटी ‘मर्यादित’ लिहिते आणि तिकडे आपले लक्षही जात नाही. जुन्या बँकांचा इतिहास वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले, की सामान्य माणसाला खरा दिलासा दिला तो या दुसऱ्या शब्दाने.

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये ‘अनलिमिटेड’ हे भागधारकाच्या जबाबदारीचे विशेषण होते. बँक बुडाली तर तिचे देणे फिटेपर्यंत भागधारकाने घरदार विकून पैसे भरायचे. १८५५च्या कायद्याने कंपन्यांना मर्यादित जबाबदारीची मुभा मिळाली, बँकांना ती १८५८मध्ये मिळाली. तरीही अनेक बँकांनी ती घेतली नाही. जबाबदारी अमर्याद असल्याने ठेवीदार निर्धास्त राहतो, असा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब ऑक्टोबर १८७८मध्ये चुकला. सिटी ऑफ ग्लासगो बँक बंद पडली. तिचे १,८१९ भागधारक होते. त्यांत सुरक्षित उत्पन्न म्हणून भाग घेतलेल्या विधवा आणि अविवाहित स्त्रियाही होत्या. दर शंभर पौंडांच्या भागामागे आधी ५०० आणि नंतर आणखी २,२५० पौंड मागण्यात आले. अखेरीस २५४ भागधारकच सावरलेले राहिले. दुसऱ्याच्या वतीने भाग सांभाळणारे विश्वस्तही सुटले नाहीत. त्यांनी स्वतःच्या खिशातून भरावे, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने १८७९मध्ये दिला. खोट्या ताळेबंदांबद्दल संचालक तुरुंगात गेले, पण त्याने कुणाचे घर परत आले नाही. त्याच वर्षी नवा कायदा झाला आणि बँका भराभर ‘लिमिटेड’ होऊ लागल्या.

हे विशेषण पुढे हिंदुस्थानातही आले. १९०४च्या सहकारी पतसंस्था कायद्याने ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारी हाच नियम ठरवला. प्रेरणा जर्मनीतील राइफायझेनच्या संस्थांची होती. शेतकऱ्याकडे तारण नव्हते, म्हणून शेजाऱ्याने शेजाऱ्याचे तारण व्हायचे. कर्ज कोण घेतो, कशाला घेतो, यावर गावाची नजर राहील, ही त्यामागची अपेक्षा. ग्लासगोच्या भागधारकाला बँकेचे व्यवहार दिसत नव्हते. गावातल्या सभासदाला शेजाऱ्याचे शेत दिसत होते. शब्द एकच असला तरी हा फरक मला मोलाचा वाटतो.

आज ‘अनलिमिटेड’ म्हणजे घेणाऱ्याची चंगळ. एकेकाळी तो शब्द देणाऱ्याच्या गळ्याशी होता. म्हणून ही पाटी दिसली की मी मनातल्या मनात विचारतो : अमर्याद नेमके काय आहे, आपले घेणे की आपले देणे?