भोंग्याचा हिशेब

हिवाळ्यात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड आणि तंबूच्या खांबांवर बांधलेले पत्र्याचे भोंगे. त्या भोंग्याचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. किरटा, नाकातला, पण शेतं ओलांडून लांब जाणारा. आता याच भागात, नांदेडला आणि लातूरलाही, वरातीपुढे किंवा मिरवणुकीत ट्रॉलीवर बेसच्या बॉक्सची भिंत चालते. तिचा आवाज कानाआधी छातीत पोचतो.

भोंगा आजोबांच्या काळातला आणि भिंत आपल्या काळातली, असं आपण धरून चालतो. पण त्यातल्या अनेक बॉक्सची जाळी काढून आत डोकावलं तर भोंगाच दिसेल. फक्त पत्र्याऐवजी प्लायचा आणि घडी घालून बसवलेला.

भोंग्याची गरज का पडली? स्पीकरचा पडदा जड असतो आणि हवा हलकी. पडद्यानं ढकललं की हवा बाजूला सरकून मोकळी होते. त्यामुळे साध्या बॉक्सला १०० वॅट दिले तर त्यातले एक-दोनच वॅट आवाज होऊन बाहेर पडतात, बाकीचे कॉइल तापवण्यात जातात. पडद्यापुढे अरुंद गळा ठेवला की हवेला पळायला जागा राहत नाही. गळ्यापुढची वाट बेताबेतानं रुंद करत नेली की पडद्याची ताकद हवेत उतरते. तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी पट आवाज मिळतो. तुतारी आणि शिंग वाजवणाऱ्यांना हे गणिताशिवाय ठाऊक होतं.

म्हणजे भोंग्याचा इतिहास हा टंचाईचा इतिहास आहे. जुन्या ग्रामोफोनमध्ये वीजच नव्हती. सुईची थरथर खोलीभर पोचवायचं काम एकट्या कर्ण्याचं होतं. १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी विजेवर हलणारा पडदा ग्रामोफोनच्या कर्ण्याला जोडून गर्दीपुढे वाजवून दाखवला. कर्णा कसा रुंद होत गेला तर आवाज कसा वाहतो, याचं समीकरण १९१९ मध्ये आर्थर गॉर्डन वेबस्टर या भौतिकशास्त्रज्ञानं मांडलं.

मग बोलपट आले. आपल्याकडे १९३१ मध्ये ‘आलम आरा’, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’. त्या काळातले व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम काही वॅटचे, आजच्या घरातल्या टीव्हीएवढे. तेवढ्यात अख्खं थिएटर भरायचं, म्हणून पडद्यामागे अजस्र कर्णे उभे राहिले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत ‘शियरर हॉर्न’ तयार झाला. त्यात बेसचा लांबलचक कर्णा घडी घालून लाकडी खोक्यात बसवला होता. आतली वाट वरून पाहिली तर इंग्रजी डब्ल्यूसारखी दिसते. ‘डब्ल्यू बिन’ हा शब्द या आकारावरूनच आला.

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या होप नावाच्या छोट्या गावात पॉल क्लिप्श यांनी घडीचा कर्णा घरात आणला. त्यांनी बॉक्स खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचं पुढचं तोंड बनवलं. १९५० च्या आसपास जमैकातल्या किंग्स्टनमध्ये मोठे बॉक्स रस्त्यावर उतरले. ज्यांना क्लब परवडत नव्हते त्यांनी अंगणालाच नाचघर केलं. हेडली जोन्स यांच्यासारखे रेडिओ दुरुस्त करणारे अ‍ॅम्प्लिफायर बांधत आणि जोडीला कपाटाएवढे स्पीकर बॉक्स तयार होत. आपल्या तालुक्याच्या गावांतही जोडी तीच. एक इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि एक सुतार.

आता हिशेब करून बघू. समजा, ४० हर्ट्झपर्यंत बेस हवा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर, म्हणून ४० हर्ट्झची एक लाट ८.६ मीटर लांब भरते. एवढ्या खालच्या सुरासाठी घातांकी कर्ण्याचं क्षेत्रफळ दर ४७ सेंटिमीटरला दुप्पट व्हावं लागतं, त्याहून घाईनं नाही. अठरा इंची स्पीकरपुढे ६०० चौरस सेंटिमीटरचा गळा ठेवला, तर तीनदा दुप्पट होऊन १४२ सेंटिमीटरवर ४,८०० चौरस सेंटिमीटरचं तोंड तयार होतं. साधारण ७० सेंटिमीटर बाजूचा चौकोन. घडी घालून एवढं एका बॉक्समध्ये बसतं.

पण जमिनीवर ठेवलेल्या कर्ण्याला ४० हर्ट्झसाठी तोंड लागतं सुमारे ३ चौरस मीटरचं. एक बॉक्स पुरत नाही. असे सहा एकमेकांना चिकटवून रचले की तोंड भरतं २.९ चौरस मीटर. हवेच्या दृष्टीनं ती सहा तोंडं राहत नाहीत, एकच मोठं तोंड होतं. हिशेब ढोबळ आहे, पण भिंत का रचतात हे त्यातून कळतं. आपण तिला निव्वळ दिखावा समजतो. तिच्या मुळाशी लाटेची लांबी आहे.

हे सुतारकाम सोपं नाही. आतली फळी तिरकी कापताना चूक झाली की वाट मध्येच आवळते. सांध्याला फट राहिली की शिट्टी वाजते. १८ मिलिमीटरचा प्लाय आतून आडव्या पट्ट्यांनी आवळला नाही तर बॉक्सच थरथरतो आणि बेस लाकडातच विरतो. शाळेत भूमिती नकोशी झालेली कितीतरी पोरं ही भूमिती हातानं शिकली आहेत. ज्या समाजांचा आवाज गावाच्या मुख्य रस्त्यावर चालत नसे, त्यांच्यासाठी त्याच रस्त्यावरून मोठ्यानं जाणं ही साधी हौस नव्हे. हे दोन्ही मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

पुढचं असं, की टंचाई संपली. वॅट स्वस्त झाले. काही वॅटमध्ये थिएटर भरण्यासाठी शोधलेल्या कर्ण्यामागे आता हजारो वॅट लावले जातात. गंमत बघा, पश्चिम महाराष्ट्रात या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या माणसाचं पहिलं गाजलेलं यंत्र होतं टेपवरची खरखर कमी करणारं!

वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलनं. नाचणाऱ्याला तो फरक जेमतेम जाणवतो. कानाचा हिशेब मात्र वेगळा आहे. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेतल्या निऑश संस्थेनं घालून दिलेल्या मर्यादेनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. मिरवणूक चालते चार-पाच तास. म्हणजे दुसरा अ‍ॅम्प्लिफायर जोडून गर्दीला जवळजवळ काहीच जास्त मिळत नाही आणि कानाचा वेळ अर्धा जातो. सगळ्यात आधी जातो ट्रॉलीवर भिंतीला टेकून बसलेल्या ऑपरेटर पोराचा. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यावर दरवर्षी भांडण होतं, एका बाजूला बंदी, दुसऱ्या बाजूला हट्ट. बॉक्समधला तो घडी घातलेला कर्णा तिसरंच काही सांगतो. थोडक्या ताकदीत लांब पोचता यावं, म्हणून तो जन्माला आला. ज्या हातांना दर ४७ सेंटिमीटरचा हिशेब जमतो, त्यांना अ‍ॅम्प्लिफायरचं बटण डावीकडे किती फिरवायचं हा हिशेबही जमेल.