खोली रिकामी होती

परवा नात शाळेतल्या भाषणाची तयारी करत होती. विषय बाबासाहेब. १९२७ चं महाडचं चवदार तळं, १९३० चं काळाराम मंदिर, सगळं तोंडपाठ. मी विचारलं, "आणि बडोद्याचं घर?" तिला माहीत नव्हतं. दोष तिचा नाही. मी तीसेक वर्षं इतिहास शिकवला, तो तळ्यापाशी आणि देवळापाशीच थांबवला.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती सयाजीरावांची, पण त्यांच्याच राजधानीत राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या मुसाफिरखान्यात उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत निघा म्हणाली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं. एकाने घरचे नोकर निघून जातील म्हटलं, दुसऱ्याने बायकोला विचारून सांगतो म्हटलं. शेवटी कमाठी बागेत पाच तास काढून त्यांनी रात्री मुंबईची गाडी धरली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

त्या दोघांनी सरळ 'नाही' म्हटलं नाही, कारण सांगितलं. ते वाचलं की मला १९८४ साल आठवतं. आमच्या शाळेत नवे सर आले होते. माझ्या घरची माडीवरची खोली रिकामी होती. वडिलांनी आडनाव विचारलं आणि म्हणाले, "पाहुणे यायचेत." मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो. त्याच आठवड्यात वर्गात चवदार तळं शिकवलं!

घटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. २००५ साली तर सुप्रीम कोर्टाने एकाच समाजाला सभासद करून घेणाऱ्या गृहनिर्माण संस्थेचा नियम वैध ठरवला. म्हणजे हा धडा अजून संपलेला नाही. तळं महाडला आहे, खोली मात्र आपल्याच घरात असते. म्हणूनच बहुधा हा धडा शिकवायला जड जातो. पण शिकवायला हवा, आणि मुलांना विचारायला हवं, त्या मित्रांच्या जागी तुम्ही असतात तर?

नातीला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. ती म्हणाली, "आजोबा, मग ते सर कुठे राहिले?"

मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.