कानामागून आलेली घेरी

घेरी, भोवळ, चक्कर, गरगरणं. आमच्या कोंकणीत घुंवळ. एवढे शब्द हाताशी असूनही डॉक्टरांपुढे बसलं की त्यातला एकही नीट लागू पडत नाही. खोली फिरते की तुम्ही फिरता? डोळ्यांपुढे अंधारी येते की पायांखालची जमीन हलते? गेली नऊ वर्षं मी या प्रश्नांना उत्तरं देतो आहे. रक्त तपासून झालं, मानेचा एक्स-रे झाला, मेंदूचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल! एकाने पित्त सांगितलं, दुसऱ्याने मानेला पट्टा बांधला, तिसऱ्याने 'टेन्शन घेऊ नका' म्हणून पाठ थोपटली. शेजारच्या आजीने दिश्ट काढली (तिने मात्र पैसे घेतले नाहीत). ऑफिसात कठडा धरून जिना उतरताना 'काल किती झाली?' असं कुणीतरी विचारतंच. गोव्यात डुलणाऱ्या माणसाबद्दल दुसरी शंका कुणाला येत नाही.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. तेव्हा तपासण्यांची फाईल कपाटात ठेवली आणि या दुखण्याचाच इतिहास वाचायला घेतला.

आपल्या आयुर्वेदात याला 'भ्रम' म्हणतात. माधवनिदानात मूर्च्छा, भ्रम, निद्रा, तंद्रा आणि संन्यास यांचं एकच प्रकरण आहे, आणि भ्रमाचं खापर रजोगुण, पित्त आणि वात यांच्यावर फोडलेलं आहे. म्हणजे मला पित्त सांगणारे डॉक्टर अगदीच परंपरा सोडून बोलत नव्हते!

'गलिव्हर'चा लेखक जोनाथन स्विफ्ट ऐन तारुण्यापासून घेरीने बेजार होता, पुढे त्यात बहिरेपणाची भर पडली. एकदा भरमसाट सफरचंदं खाल्ली, त्याचा हा परिणाम, अशी त्याची स्वतःची समजूत. आपल्याला वेड लागणार अशी भीती त्याने जन्मभर बाळगली, आणि १७४५ साली वारला तेव्हा डब्लिनमध्ये वेड्यांसाठी इस्पितळ उभारायला पैसे ठेवून गेला. १८३५ मध्ये लोकांनी कबरीतून त्याची कवटी बाहेर काढून तपासली. अखेर १८८०च्या दशकात एका इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने लिहिलं, की स्विफ्टची घेरी हे कानाचं दुखणं होतं. तोवर बिचाऱ्याला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं लोटली होती.

कानाचं नाव घेता आलं ते एका फ्रेंच डॉक्टरमुळे. आमच्या कांदोळीचा आबे फारिया १८१९ मध्ये पॅरिसला वारला. त्याच शहरात पुढे १८३८ पासून प्रॉस्पेर मेनिएर हा मूकबधिरांच्या संस्थेचा वैद्यकीय प्रमुख होता. त्या काळी अचानक घेरी, ओकारी आली की मेंदूत रक्त साचलं असं निदान व्हायचं. मग जळवा लावा, रक्त काढा, जुलाब द्या. आधीच उभं राहता येत नाही, त्यात रक्त काढायचं! मेनिएरच्या पाहण्यात असे रोगी होते ज्यांना घेरीबरोबर कानात आवाज यायचा, ऐकू कमी व्हायचं, पण वर्षानुवर्षं ना लकवा ना बुद्धीवर परिणाम. कबुतराच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापल्या की ते गोल फिरू लागतं, हे फ्लूरांस या शास्त्रज्ञाने आधीच दाखवलं होतं. मेनिएरने दोन्ही गोष्टी जोडल्या आणि ८ जानेवारी १८६१ रोजी पॅरिसच्या वैद्यक अकादमीत निबंध वाचला. सभेवर फारसा परिणाम झाला नाही. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत तो वारला. त्या रोगाला आज त्याचंच नाव आहे, ते त्याने ऐकलं नाही.

मला सगळ्यात आवडला तो रॉबर्ट बाराणी. व्हिएन्नाच्या इस्पितळात लोकांचे कान पिचकारीने धुणं हे त्याचं रोजचं काम. पुष्कळांना त्यावेळी घेरी यायची. एकजण म्हणाला, पाणी पुरेसं गरम नसलं की मला चक्कर येते. पुढच्या खेपेला पाणी जास्तच गरम झालं, तरी चक्कर आलीच. पण बाराणीने पाहिलं, की डोळ्यांची थरथर आता उलट दिशेला होते आहे. घरातल्या बंबाने त्याचं कोडं सोडवलं: गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं. कानातल्या नळ्यांतला द्रवही तसाच हलतो! अजून कानाच्या तपासणीत गार-गरम पाणी घालतात ते त्यामुळे. माझ्याही कानात घातलं होतं. निकाल अर्थातच नॉर्मल.

लहानपणीच्या हाडांच्या क्षयाने बाराणीचा गुडघा आखडलेला होता. तरी पहिल्या महायुद्धात तो सैन्यात डॉक्टर म्हणून गेला आणि रशियनांच्या हाती सापडला. १९१४ सालचं नोबेल त्याला १९१५ मध्ये जाहीर झालं तेव्हा तो मध्य आशियात मर्व्ह इथे युद्धकैदी होता. स्वीडनच्या राजपुत्राने रदबदली केली म्हणून १९१६ मध्ये सुटका झाली. व्हिएन्नात परतला, तर सहकाऱ्यांनी आरोप केला की इतरांच्या कामाचं श्रेय त्याने दिलं नाही. वैतागून १९१७ मध्ये तो स्वीडनमधल्या उप्सालाला निघून गेला, तो कायमचा. ऑफिसातलं राजकारण नोबेलवाल्यालाही चुकत नाही, असो.

आता माझ्यासारख्यांचं काय, ज्यांचा कानही ठीक आणि मेंदूही ठीक? व्हिएन्नातच १८७० मध्ये मॉरित्झ बेनेडिक्टने मोकळ्या चौकात घेरी येणाऱ्या माणसांचं वर्णन केलं होतं. दुसऱ्याच वर्षी बर्लिनच्या वेस्टफालने अशा लोकांच्या दुखण्याला भीतीचं नाव दिलं, आणि मग घेरी मनाच्या खात्यात जमा झाली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ती तिथेच अडकून पडली. २०१७ मध्ये बाराणीच्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या घेरीचे निकष ठरवले: तीन महिने वा जास्त, बहुतेक दिवशी, उभं राहिल्यावर, हालचालीत आणि गर्दीगडबडीच्या दृश्यात वाढणारी. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यांपुढे आला! एखाद्या खऱ्या आजारानंतर किंवा धक्क्यानंतर मेंदू तोल सांभाळण्याची जास्तच खबरदारी घेऊ लागतो आणि आजार गेला तरी ती सवय सोडत नाही, असा त्यामागचा विचार. म्हणूनच एमआरआयमध्ये काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत हे नाव आलं आहे.

माझ्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षी ते कागदावर लिहून दिलं. तोल सांभाळायचे व्यायाम रोज वीस मिनिटं करतो. थोडा फरक आहे. रजेच्या अर्जातल्या कारणाच्या रकान्यात मात्र ते चार शब्दी नाव मावलं नाही. मी समासात लिहिलं, आणि आमच्या हेडक्लार्कनी ते दोनदा वाचून, काही न विचारता सही केली.